मार्गेटच्या टर्नर कंटेम्पररीला आईला घेऊन जावं का? तिला समुद्र हवाय, मला म्युझियम

ओली_वाळू

नमस्कार मंडळी,

जरा लांबलंय पण वाचून सांगा प्लीज. लंडनला येऊन मला सात वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आई आलीये माझ्याकडे, दीड महिन्यासाठी. वय ७१, तब्येत तशी ठणठणीत, फक्त डावा गुडघा त्रास देतो म्हणजे जिने आणि चढ नको, सपाट रस्त्यावर मात्र माझ्यापेक्षा जास्त चालते. पहिले दोन आठवडे नेहमीची सगळी ठिकाणं करून झाली, आता तिला गर्दीचा वीट आलाय आणि रोज एकच म्हणते, मला समुद्र दाखव. ती समुद्राकाठच्या गावात वाढलेली, लग्न होऊन घाटावर आली त्याला पन्नास वर्षं होत आली तरी समुद्राचं नाव काढलं की अजून चेहरा बदलतो तिचा.

मला कधीपासून मार्गेटचं, म्हणजे केंटमधल्या त्या समुद्रकाठच्या गावाचं, टर्नर कंटेम्पररी हे आर्ट म्युझियम बघायचंय, त्यामुळे एका दिवसात दोघींचं काम होईल असं डोक्यात आलं. पण धीर होत नाहीये, कारण मागच्या आठवड्यात तिला इथल्या एका कंटेम्पररी आर्टच्या प्रदर्शनाला नेलं होतं. एका मोठ्या खोलीत जमिनीवर नुसत्या वस्तू मांडलेल्या होत्या. आईने सगळी खोली शांतपणे फिरून बघितली आणि मग हळूच मला विचारलं, ह्यात काय बघायचं असतं गं? आणि मला काही सांगता आलं नाही. मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गॅलरीत जाते आणि तिच्या एवढ्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते अजून लागून राहिलंय मनाला. नवरा म्हणतो आईला नुसतं बीचवर ने, म्युझियमला तू नंतर एकटी जा. पण मला तिच्याबरोबरच बघायचंय. ती परत कधी येईल कोण जाणे.

तर कोणी गेलंय का? ट्रेन, चालणं, बसायला जागा वगैरे सांगाच, पण मुख्य म्हणजे तिला तिथे परकं वाटेल का ते सांगा.

पायवाट

मी केंटमध्येच राहतो, मार्गेट माझ्यापासून अर्ध्या तासावर, वर्षातून चार-पाच वेळा तरी जाणं होतं. बिनधास्त घेऊन जा. आधी कामाचं सांगतो.

सेंट पँक्रसहून हायस्पीड ट्रेन पकडा, साधारण दीड तास लागतो. व्हिक्टोरियाहूनही गाडी आहे पण ती जास्त वेळ घेते, तिकीट मात्र थोडं स्वस्त पडतं. तिघं किंवा जास्त जणं असाल तर ग्रुपसेव्हने ऑफपीक तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, म्हणजे नवऱ्यालाही बरोबर घ्या. स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या समोर समुद्र. तिथून गॅलरीपर्यंत किनाऱ्याच्या कडेने सपाट रस्ता आहे, डाव्या हाताला वाळू आणि उजव्या हाताला ड्रीमलँड म्हणजे तिथलं जुनं अम्युझमेंट पार्क, पुढे क्लॉक टॉवर, आणि टोकाला पांढऱ्या उतरत्या छपरांच्या पेट्या एकमेकींना चिकटून ठेवल्यासारखी जी बिल्डिंग दिसते तीच गॅलरी. पंधराएक मिनिटं, आईंच्या चालीने वीस धरा. आत लिफ्ट आहे, कॅफे आहे, गुडघ्याची काळजी नको. प्रवेश फुकट. सोमवारी सहसा बंद असतं, तेवढं जपा.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाका. नाव टर्नरचं, म्हणजे समुद्र रंगवणाऱ्या त्या जुन्या इंग्रज चित्रकाराचं, असलं तरी हे टर्नरच्या चित्रांचं म्युझियम नाही. त्यांचा स्वतःचा कायमचा संग्रहच नाही, प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे निघण्याआधी सध्या काय लागलंय ते वेबसाईटवर बघाच. दोन प्रदर्शनांच्या मधे गेलात तर काही खोल्या बंदही असू शकतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही: ओहोटीची वेळ बघून जा. गॅलरीच्या बाहेर समुद्रात फुलसम रॉक म्हणून खडक आहे, त्याच्यावर अँटनी गॉर्मलीने केलेला ओतीव लोखंडाचा माणूस उभा आहे. माणसाच्याच उंचीचा, २०१७ पासून तिथे आहे, तोंड समुद्राकडे. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि ओहोटीला बाहेर येतो, दिवसातून दोनदा. भरतीच्या वेळेला जाल तर तो दिसणारच नाही आणि तिथे काही आहे हे कळणारही नाही. वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, मार्गेट टाईड टाइम्स सर्च केलं की मिळतं. फक्त चालत त्याच्याजवळ जायच्या फंदात पडू नका, खडक शेवाळाने निसरडे आहेत आणि पाणी परत यायला लागलं की पटकन येतं. कठड्यापाशी उभं राहून छान दिसतो.

सरळरेघ

मी वेगळं मत देतो, राग मानू नका. मी दोन वर्षांपूर्वी बायको आणि मुलांना घेऊन गेलो होतो, आणि आम्हा सगळ्यांची निराशा झाली. नावात टर्नर आहे म्हणून गेलो आणि आत टर्नरचं एकही चित्र मला दिसलं नाही. ज्या खोल्या होत्या त्या पाऊण तासात संपल्या. भिंतीवरच्या पाट्या इतक्या अवघड भाषेत की दोनदा वाचूनसुद्धा समोरच्या वस्तूचा आणि त्या मजकुराचा संबंध लागेना. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती, तिने विचारलं बाबा हे मुद्दाम कळू नये असं करतात का, आणि मला तो प्रश्न योग्य वाटला. कला जर माणसांसाठी आहे तर ती बघून माणसाला स्वतःची अक्कल कमी आहे असं वाटता कामा नये.

टर्नर बघायचा असेल तर लंडनमध्येच टेट ब्रिटनला जा. त्याने देशाला ठेवून दिलेला बहुतेक सगळा ठेवा तिथे आहे, ३०० च्या आसपास तैलचित्रं आणि कागदावरची हजारो कामं, तेही फुकट. आईंना समुद्र दाखवायला मार्गेट उत्तमच आहे, पण गॅलरीचा आग्रह नको असं माझं प्रामाणिक मत.

निळीशाई

सरळरेघ, तुमच्या मुलीचा प्रश्न मलाही योग्यच वाटतो आणि त्या पाट्यांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. पण ओली_वाळू, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय, मी चित्रकला शिकलेय आणि मार्गेट हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी हे लक्षात घ्या की ती गॅलरी त्याच जागी का आहे. टर्नर अकरा वर्षांचा असताना, १७८६ च्या सुमारास, त्याला मार्गेटला शाळेत पाठवलं होतं. नंतर म्हातारपणाकडे झुकल्यावर तो परत परत तिथे यायचा आणि बंदराजवळ मिसेस बूथ नावाच्या विधवा बाईंच्या लॉजमध्ये उतरायचा. त्यांच्या खिडकीतून त्याला समुद्र आणि आकाश दिसायचं. पुढे त्या दोघांनी एकत्र संसारच केला म्हणायला हरकत नाही, १८५१ मध्ये तो गेला तेव्हा त्याच त्याच्याजवळ होत्या. ह्या किनाऱ्यावरून त्याला सुचलेली शंभराहून जास्त कामं आहेत. आणि इथलं आकाश सगळ्या युरोपात सुंदर आहे असं तो कलासमीक्षक रस्किनला म्हणाला होता असं सांगतात. तर जिथे ते लॉज होतं त्याच जागेवर ही गॅलरी उभी आहे. डेव्हिड चिपरफील्डने डिझाईन केली, एप्रिल २०११ मध्ये उघडली. त्याच्या आधी वेगळाच प्लॅन होता, गॅलरी थेट समुद्रात, जुन्या दगडी धक्क्याला लागून बांधायची, पण खर्च एवढा वाढत गेला की २००६ मध्ये तो सोडून दिला. मला वाटतं ते बरंच झालं. समुद्रात उभं राहून समुद्र नीट दिसत नाही, टर्नरसारखं खिडकीत उभं राहिलं की दिसतो.

आणि खिडकी हीच तिथली मुख्य गोष्ट आहे. आत शिरलात की समोर दोन मजली उंच काच आणि काचेपलीकडे सरळ समुद्र. वरच्या खोल्यांना छतातून उत्तरेकडचा उजेड येतो, म्हणजे थेट ऊन कधी अंगावर येत नाही, एकसारखा मऊ उजेड असतो पण ढग सरकला की तो बदललेला कळतो. आईंना आधी त्या खिडकीपाशी न्या. पाटी वाचू नका. काही समजावून सांगू नका. नुसतं उभं राहू द्या त्यांना, हवा तेवढा वेळ.

मग त्यांना त्या खिडकीची गोष्ट सांगा. २०११ च्या पहिल्याच प्रदर्शनात दानियल ब्यूरेन ह्या फ्रेंच कलावंताने त्या काचेवर पट्ट्या लावल्या, मधे एक मोठा गोल मोकळा ठेवला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना आरसे लावले. त्यामुळे त्या गोलातून दिसणारा समुद्र आरशात परत, आरशातल्या आरशात परत, असा संपतच नव्हता. त्यानंतर वर्षभर त्याच जागी समुद्राला पाठीशी घेऊन फ्रेंच शिल्पकार रोदॅंचं चुंबनाचं प्रचंड संगमरवरी शिल्प ठेवलं होतं. आणि मग २०१९. त्या वर्षी टर्नर प्राईझचं, म्हणजे ब्रिटनमधल्या नावाजलेल्या कलापुरस्काराचं, प्रदर्शन मार्गेटला होतं आणि ओस्कार मुरियो हा मूळचा कोलंबियाचा कलावंत, त्याने कागदाच्या लगद्याची कामगार माणसं केली, त्यांना बाकांवर ओळीने खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि खिडकीवर काळं कापड टाकलं. सगळी काच झाकली, फक्त एक फट ठेवली. एवढा मोठा समुद्र समोर आहे, तो बघायलाच जणू ही माणसं येऊन बसलीयेत, आणि त्यांना दिसते फक्त ती एक चीर.

मी ते पाहिलं तेव्हा पाटी वाचलीच नव्हती. मी त्या बाकांच्या मागे उभी राहिले आणि मला एकदम आठवलं की माझे आजोबा आयुष्यभर गिरणीत होते आणि दुपारचं ऊन कसं असतं ते आम्हाला रविवारीच दिसतं असं ते म्हणायचे. मुरियोला माझे आजोबा माहीत असायचं कारण नाही, पण त्या फटीतून मला ते दिसले. एकाने समुद्र वाढवून दाखवला, दुसऱ्याने अडवून दाखवला, खिडकी तीच. मला नाही वाटत ह्यात न कळण्यासारखं काही आहे. आईंनी घरातल्या खिडकीला पडदा लावताना कुठून काय दिसावं आणि काय दिसू नये ह्याचा विचार आयुष्यभर केलाच असेल ना.

त्या वर्षीच्या बक्षिसाचंही सांगायला हवं, कारण ते मला फार आवडलं होतं. फायनलला चौघं होते, मुरियो, हेलन कॅमॉक, टाय शानी आणि लॉरेन्स अबू हमदान. त्या चौघांनी मिळून परीक्षकांना पत्र लिहिलं की आमची कामं एकमेकांशी स्पर्धा करणारी नाहीत, आम्हाला एकच समजा. परीक्षकांनी ते मान्य केलं आणि ४०,००० पाउंड चौघांत सारखे वाटले गेले.

तर आईंनी "ह्यात काय बघायचं असतं" विचारलं की उत्तर द्यायची घाई करू नका. उलट त्यांना विचारा, तुला काय दिसतंय? आणि त्या सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या, मधे सुधारू नका. सगळ्या खोल्या बघायचा हट्ट नको, दोनच कामं निवडा. जे आवडलं नाही ते सोडून पुढे गेलं तरी काही अपमान होत नाही कुणाचा.

सरळरेघ

निळीशाई, तुम्ही सांगितलं तसं कुणी त्या दिवशी आम्हाला सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं, हे मान्य. पण माझा मुद्दा तोच आहे की सांगायला कुणीतरी लागतं. आणि दुसरं, ट्रेसी एमिन ह्या कलावंत बाईने कलाकृती म्हणून मांडलेल्या त्या बिछान्याचं काय? चुरगळलेल्या चादरी, बाटल्या, सिगारेटची थोटकं, आणि त्याला २०१४ मध्ये लिलावात २५ लाख पाउंडांच्या वर किंमत आली. मी हे आईला काय म्हणून समजावून सांगू, तुम्हीच सांगा.

निळीशाई

बरं झालं तुम्ही तो विषय काढलात, कारण तो बिछाना मी मार्गेटलाच पाहिलाय. ट्रेसी एमिन तिथेच लहानाची मोठी झाली. बिछाना १९९८ चा, पण २०१७ च्या हिवाळ्यात तो टर्नर कंटेम्पररीत आणला होता आणि त्याच खोलीत टर्नरची समुद्राची चित्रं लावली होती, तिनेच निवडलेली. आधी फोटोत बघताना मलाही तो नुसता पसारा वाटायचा. पण तिथे चित्रातल्या लाटांकडून नजर बिछान्याकडे वळली की चादरीच्या घड्या तशाच उसळलेल्या दिसायच्या, तेच मळकट पांढरं, तेच करडं. एखादी बाई आयुष्याच्या वाईट काळात दिवसचे दिवस अंथरुणातून उठलेली नाही, आणि मग एका सकाळी उठून तिने मागे वळून बघितलं की मी कशात पडून होते, ते आहे ते. माझ्या मावशीला असा काळ आला होता. तेव्हा आमच्या घरात त्याला कुणी नाव दिलं नाही, खोलीचं दार ओढून घेतलं एवढंच. म्हणून मला त्या बिछान्यासमोर रडू आलं. लिलावातल्या आकड्याशी माझं काही देणंघेणं नाही, तो ज्यांचा धंदा आहे त्यांचा, पण बिछाना खरा आहे.

आणि सांगायला कुणीतरी लागतं म्हणता तर त्यासाठी खोल्यांमध्ये उभा असलेला स्टाफ असतो ना. आपण त्यांना सिक्युरिटी समजून लांब राहतो. त्यांना नुसतं विचारा की तुम्ही रोज इथे उभे असता, तुम्हाला ह्यातलं काय आवडतं? मला मिळालेली सगळ्यात चांगली उत्तरं पाटीवर नव्हती, त्यांच्याकडून मिळाली.

शिंपला_७

उशिरा लिहितेय पण माझा अनुभव अगदी ह्याच विषयावरचा आहे. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, २०२४ च्या शरद ऋतूत, तेव्हा आन्या गॅलाचिओचं प्रदर्शन होतं. ही बाई जे साहित्य वापरते ते सडणारं असतं. सफरचंदं दोरीत ओवून टांगलेली, काचेमागे लाल फुलं दाबून बसवलेली, आणि प्रदर्शन चालू असेल तितके महिने ती कोमेजत, काळी पडत, बुरशी धरत जातात, कुणी बदलत नाही. आम्ही गेलो तेव्हा फुलं बरीच उतरली होती. मी जरा घाबरले की सासूबाई म्हणतील हे काय दाखवायला आणलंस. त्या काचेसमोर खूप वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, निर्माल्य आहे गं हे. एवढंच म्हणाल्या. मी चाट पडले. मी ऑनलाईन चार लेख वाचून गेले होते आणि कुठल्याच लेखात इतका नेमका शब्द नव्हता, आणि असणार तरी कसा.

म्हणून मी म्हणेन की आईंना परकं वाटेल की नाही हे आपण आधी ठरवायचंच नाही.

दुसरं, वेळ असेल तर शेल ग्रोटो नक्की बघा, गॅलरीपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. ते १८३५ मध्ये सापडलं, जमिनीखालचा भुयारी रस्ता आहे, साधारण ७० फूट लांब, आणि सगळ्या भिंती शिंपल्यांच्या नक्षीने मढवलेल्या, ४६ लाख शिंपले आहेत म्हणतात. फुलं, सूर्य, तारे, चक्रं. कुणी केलं, कधी केलं, कशासाठी केलं हे आजपर्यंत कुणालाही ठरवता आलेलं नाही. पूर्वी आत गॅसचे दिवे लावायचे त्यांच्या काजळीने शिंपले काळवंडलेत, मूळचे रंग गेलेत. त्याला तिकीट आहे आणि खाली उतरायला पायऱ्या आहेत, गुडघा बघून ठरवा. पण "ह्याचा अर्थ काय" हा प्रश्न घेऊन गॅलरीतून थेट तिथे गेलं की फार बरं वाटतं, कारण तिथे उत्तर कुणाकडेच नाही आणि तरी सगळे तोंडात बोट घालून बघत असतात.

पायवाट

शिंपला_७, निर्माल्य हा शब्द वाचून अंगावर काटा आला खरंच.

अजून एक गोष्ट लिहायचीये जी गॅलरीच्या कौतुकात राहून जाते. मार्गेट म्हणजे एकेकाळी लंडनच्या कामगार कुटुंबांचं सुट्टीचं गाव. मग लोक स्वस्त विमानाने स्पेनला जायला लागले आणि गाव बसलं. गॅलरी यायच्या आधी मी गेलोय तिथे, हाय स्ट्रीटवर अर्धी दुकानं फळ्या मारलेली होती, ड्रीमलँडसुद्धा बंद पडलं होतं, ते २०१५ मध्ये परत उघडलं. गॅलरी आली, माणसं यायला लागली, ओल्ड टाऊनमध्ये स्टुडिओ आले, कॅफे आले. हे चांगलंच झालं. पण त्याचबरोबर लंडनहून येऊन घरं घेणारे इतके वाढले की गावात त्यांना डीएफएल, म्हणजे डाउन फ्रॉम लंडन, असं नावच पडलंय, आणि भाडी अशी चढली की माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला तीन पिढ्या राहिलेलं गाव सोडून आत जावं लागलं. त्या घरची आजी त्या गॅलरीत कधी गेली नव्हती, आणि आता तर ती मार्गेटमध्येच नाही. मी तरी गॅलरीला दोष देत नाही, भाडी गॅलरी ठरवत नाही. पण तिच्या त्या मोठ्या खिडकीसमोर उभा राहिलो की मला ती आजी आठवते. म्हणून जाल तेव्हा ओल्ड टाऊनमध्ये थोडं फिरा, तिथल्या जुन्या माणसांशी बोला, कॉफी पिऊन लगेच परतू नका.

बंदराचा दगडी धक्का पण चाला, हार्बर आर्म म्हणतात. त्याच्या टोकाला शिंपल्यांच्या बाहुलीसारखी दिसणारी एका बाईची ब्राँझची मूर्ती आहे, त्याच मिसेस बूथ. गॅलरीला नाव टर्नरचं, पण वाऱ्यात उभ्या आहेत त्या मिसेस बूथ. आणि गॅलरीच्या शेजारच्या ड्रॉइट हाउसवर एमिनच्या अक्षरातला गुलाबी निऑन आहे, २०१० चा, तुझ्यावरचं माझं प्रेम कधी आटलंच नाही अशा अर्थाचा. मला तो गावालाच उद्देशून म्हटल्यासारखा वाटतो.

उन्हाळ्यात जात असाल तर संध्याकाळची गाडी उशिराची घ्या. इंग्लंडच्या पूर्वेच्या कोपऱ्यात असूनही तिथला किनारा उत्तर-पश्चिमेकडे बघतो, त्यामुळे सूर्य समुद्रातच बुडतो.

ओली_वाळू

सगळ्यांचे मनापासून आभार, आम्ही काल जाऊन आलो! नवराही आला. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळेच गेलो.

पायवाट, तुम्ही सांगितलं तसं ओहोटी दुपारी दोनच्या सुमाराला होती तो दिवस निवडला. स्टेशनातून बाहेर आल्यावर आई थांबलीच. वारा इतका होता की पदर सांभाळता येईना आणि ती नुसती उभी. मग म्हणाली, वास तोच आहे. किनाऱ्याने चालताना तिने आम्हाला दोघांना मागे टाकलं.

गॅलरीत आधी खिडकीपाशी नेलं. निळीशाई, मी एक अक्षर बोलले नाही. बसायला जागा बघून बसलो आणि आई किती वेळ बघत होती मी मोजलं नाही, पण नवरा सगळा वरचा मजला बघून परत आला तरी ती तिथेच होती. मग मी तिला ब्यूरेनचे आरसे आणि मुरियोचं काळं कापड दोन्ही सांगितलं. आरशांचं ऐकून ती हसली. कापडाचं ऐकून काही बोलली नाही, जरा वेळाने म्हणाली, आमच्या घराच्या मागच्या खोलीतून समुद्र ऐकू यायचा पण दिसायचा नाही, तिथे भिंत होती, आणि बायका सगळ्या त्याच खोलीत असायच्या. मी ७१ वर्षांच्या आईकडून त्या खोलीबद्दल हे पहिल्यांदा ऐकलं. तिच्या माहेरी मी लहानपणी दर सुट्टीत जायचे, त्या खोलीत झोपलेय मी.

सगळं काही आवडलं असं मात्र नाही, तेही लिहिते. वर एका अंधाऱ्या खोलीत फिल्म चालू होती, तिचा आवाज आईला सहन झाला नाही, आम्ही दोन मिनिटांत बाहेर आलो. एका कामासमोर मी विचारलं तुला काय दिसतंय तर म्हणाली काही नाही, चल. मग आम्ही पुढे गेलो. सरळरेघ, पाट्यांबद्दल तुमचं खरं आहे, मी दोन वाचल्या आणि सोडून दिल्या. पण स्टाफमधल्या एका बाईंशी आईनेच बोलायला सुरुवात केली, मी मधे भाषांतर करत होते, आणि त्या बाईंनी सांगितलं की मी इथलीच आहे, लहानपणी ह्याच किनाऱ्यावर पोहायला शिकले. त्यानंतर दोघी भरती-ओहोटीबद्दलच बोलत होत्या, कलेबद्दल एक शब्द नाही.

मग बाहेर येऊन कठड्यापाशी गेलो आणि तो लोखंडी माणूस दिसला. मी फोटो बघून गेले होते तरी प्रत्यक्षात वेगळंच वाटलं, तो इतका एकटा आहे. आई म्हणाली, ह्याच्या अंगावर पाण्याच्या खुणा बघ, कुठपर्यंत चढतं ते दिसतंय. मग तिने खडकांकडे बघून सांगितलं की पाणी आता वळलंय. मला काहीच फरक दिसत नव्हता. मोबाईलवर बघितलं तर ओहोटीची वेळ होऊन बारा मिनिटं झाली होती. पन्नास वर्षं घाटावर काढून तिला ते दिसलं. आम्ही तिथेच बाकावर बसलो, तिला हलायचं नव्हतं, आधी घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघे असं पाणी चढताना ती एकेक सांगत होती. कमरेपर्यंत आलं तेव्हा गाडीची वेळ झाली आणि आम्हाला निघावं लागलं. शेल ग्रोटो राहिलं, सूर्यास्त राहिला, मिसेस बूथपर्यंत पण गेलो नाही.

तर आता परत एक प्रश्न आहे. आईला पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचंय, तिला तो डोक्यापर्यंत बुडताना बघायचाय आणि मग बाहेर येतानाही बघायचाय, मधे थांबायची तिची तयारी आहे. पायवाट, म्हणजे भरतीच्या आधी किती वेळ पोचायला हवं? आणि तोवर तिला वाऱ्यापासून आडोशाला बसवता येईल असं काही आहे का तिथे, की त्या खिडकीतूनच दिसेल सगळं?